फ्रेडी मर्क्युरी : जागलीच्या मचाणावर ऐकलेली हाक

जागल्या | २४ नोव्हेंबर, रात्री ८.१५

१९९१ साली आजच्याच तारखेला, लंडनमधल्या केन्सिंग्टन भागातील आपल्या घरी 'क्वीन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने शेवटचा श्वास घेतला. तो फक्त पंचेचाळीस वर्षांचा होता. दरवर्षी या दिवशी मी घरात त्याची दोन-तीन गाणी लावतो आणि गप्प बसतो. यंदा मात्र आपल्या भागातील आणखी कोणाकोणापर्यंत हा आवाज पोहोचला आणि कसा पोहोचला, हे जाणून घ्यावेसे वाटले, म्हणून हा धागा काढला आहे. लेखात मी त्याला एकेरी संबोधणार आहे. जो आवाज वयाच्या सोळाव्या वर्षापासून सोबत आहे, त्याला अहो-जाहो करणे मला जमत नाही.

माझे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. १९९३ च्या हिवाळ्यात नागपूरला अभियांत्रिकी शिकणारा माझा चुलतभाऊ दिवाळीच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने सीताबर्डीवरून भरून आणलेली एक कॅसेट माझ्या हातात दिली. वेष्टनावर निळ्या शाईने फक्त 'क्वीन' एवढेच लिहिलेले होते. त्या दिवसांत तुरीला शेंगा धरल्या होत्या, रानडुकरांचा आणि रोह्यांचा (नीलगायींचा) त्रास फार होता, आणि मी वडिलांसोबत रोज रात्री जागलीला जात असे. आवाज सुरू राहिला की जनावरे धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत येत नाहीत, म्हणून वडील मचाणावर टेपरेकॉर्डर ठेवीत. एरवी त्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने वाजत. त्या रात्री मी ही कॅसेट लावली.

पहिलेच गाणे होते १९७६ सालचे 'समबडी टू लव्ह'. मला त्यातील इंग्रजी चार आण्याचेही कळले नाही. पियानो सुरू झाला, आवाज एकदम वर गेला, मागून मोठा समूह त्याच्याबरोबर गाऊ लागला, आणि मचाणाच्या बल्ल्या धरून मी तसाच बसून राहिलो. वडिलांनी बिडी विझवली. त्यांनी पूर्ण गाणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ''हा मानूस कोनाले तरी आवाज देऊन रायला. पन हाक बी त्याचीच अन् ओ बी त्याचीच दिसते.''

हे वाक्य मी त्यानंतर वर्षानुवर्षे मनात बाळगले आहे. सातवी शिकलेल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसाने ते केवळ कानांनी ओळखले होते. त्या गाण्यात गायक खरोखरच विचारत असतो, की माझ्यासाठी प्रेम करायला कोणी शोधून देईल का. आणि मागे जो शंभर माणसांचा समूह वाटतो, तो समूह नसून फ्रेडी, गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर या तिघांचेच आवाज आहेत. स्टुडिओत ते पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले गेले. चौथा साथीदार जॉन डीकन हा ध्वनिमुद्रणात गातच नसे. म्हणजे वडील म्हणाले ते अक्षरशः खरे होते. मला याचा उलगडा पुढे दहा-बारा वर्षांनी, इंटरनेट हाताशी आल्यावर झाला.

टेपरेकॉर्डरचे सेल उतरू लागले की कॅसेट मंद फिरायची आणि फ्रेडीचा आवाज जड होत होत एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा व्हायचा. मग मी सेल काढून दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवत असे. तेवढ्यावर आणखी दोन-तीन गाणी निघत. ज्या माणसाला म्हातारपण मिळालेच नाही, त्याचा म्हातारा आवाज मी त्या मचाणावर ऐकत होतो आणि मला त्याची कल्पनाही नव्हती. तो जाऊन दोन वर्षे झाली होती, ही बातमी आमच्या गावापर्यंत आलेलीच नव्हती.

पुढे १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमाचे चित्रीकरण पाहायला मिळाले. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमवणारा तो कार्यक्रम लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाला, समोर सुमारे बहात्तर हजार माणसे होती आणि क्वीनच्या वाट्याला साधारण एकवीस मिनिटे आली होती. दिवसाउजेडी, कोणत्याही झगमगाटाशिवाय, पांढरी बंडी आणि फिकी जीन्स घातलेला हा माणूस मधेच वाद्ये थांबवतो आणि नुसत्या गळ्याने 'एऽऽओ' अशी हाक देतो. बहात्तर हजार माणसे ती जशीच्या तशी परत करतात. तो हाक वाढवतो, वळवतो, एका ठिकाणी श्वास संपेपर्यंत धरून ठेवतो, आणि लोक तीही परत करतात. ते पाहताना मला सर्वप्रथम वडिलांचे वाक्य आठवले. इथे ओ देणारा तो स्वतः नव्हता.

त्याचा आवाज टिकून आहे, तो केवळ उंच होता म्हणून नव्हे, तर तो ऐकणाऱ्याकडून ओ मागतो म्हणून, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते ते लिहावे.

---

मेळघाट_वाट | रात्री ८.५२

धागा वाचून बराच वेळ काहीच लिहवले नाही. मी १९९१ मध्ये अमरावतीला वसतिगृहात होतो आणि आमच्या खोलीत एकाकडे लघुलहरींचा रेडिओ होता. इंग्रजी बातम्यांत ही बातमी ऐकल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण सलग दोन दिवस त्याचे नाव आले. २३ तारखेला त्याने आपल्याला एड्स झाल्याचे निवेदन प्रसिद्ध केले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेल्याचे कळले. खोलीत चौघे होतो. त्यांपैकी मी एकटाच त्याला ओळखत होतो, आणि कोणाजवळ काही बोलावे असे कोणीच नव्हते. आज चौतीस वर्षांनी बोलतो आहे.

---

झाडीबोली | रात्री ९.२०

जागल्या दादा, 'ओ देणे' हा जो धागा आपण पकडला आहे, त्यावर थोडे अधिकाराने बोलू शकेन असे वाटते, कारण मी गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक कंपन्यांतून गेली अनेक वर्षे गायक नट म्हणून काम करतो. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. मंडईची जत्रा, शंकरपटाची बैलशर्यत, यात्रा, जिथे माणसे जमतील तिथे आमचा मंडप पडतो. समोर मुलाबाळांसकट सारे गाव बसलेले असते, थंडी असते, मागच्या रांगेत कोणीतरी शेकोटी पेटवलेली असते, आणि एवढ्या लोकांना आपल्या गळ्याने जागे ठेवायचे असते. त्यामुळे फ्रेडीकडे मी चाहत्यापेक्षा आमच्याच व्यवसायातील एक वडीलधारा म्हणून पाहतो.

फार थोड्या लोकांच्या लक्षात येणारी एक गोष्ट सांगतो. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. सततच्या दौऱ्यांनी त्या त्रास देत, पण त्याने शस्त्रक्रिया करून घेतली नाही. आवाजाचा पोतच बदलेल, ही भीती प्रत्येक गाणाऱ्या माणसाला असते आणि मी ती जवळून ओळखतो. म्हणून ध्वनिमुद्रणातील कित्येक उंच जागा तो मंचावर खालच्या स्वरात घेई. त्याचे प्रत्यक्ष कार्यक्रम लक्षपूर्वक ऐकले तर हे सहज समजते. ज्या जागी स्वर खाली आणला, त्या जागी त्याने काहीतरी दुसरे दिले आहे, कधी शब्दावर जोर, कधी एखादा ठहराव, कधी सरळ प्रेक्षकांकडे वळवलेला माईक. हंगामाच्या चौथ्या महिन्यात माझाही गळा बसलेला असतो आणि वन्समोअर मात्र थांबलेला नसतो. त्या वेळी मी हेच करतो. नाट्यपदाचे धृपद लोकांवर सोडतो, ते उचलतात, आणि तेवढ्यात मला एक श्वास मिळतो. प्रेक्षकांना वाटते की गायकाने आपल्याला मान दिला. तो मान असतोच, पण ती गरजही असते. फ्रेडीने त्या गरजेचा सोहळा केला.

माईकच्या दांडीची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. सुरुवातीच्या काळात एका कार्यक्रमात माईकचा स्टँड मधेच तुटला आणि त्याने उरलेला अर्धा दांडाच हातात घेऊन गाणे पुढे नेले. तेव्हापासून तो बूड नसलेला अर्धा दांडा त्याची ओळख झाला. आमच्याकडे मंचावर काही मोडले तर पडदा पाडतात. ही गोष्ट कळल्यापासून मी मात्र पडदा पाडू देत नाही.

आणि आपल्यासारख्या, इंग्रजी न समजणाऱ्या श्रोत्यांविषयी. २७ जुलै १९८६ रोजी क्वीनचा कार्यक्रम हंगेरीतील बुडापेस्टच्या मैदानावर झाला, तेव्हा फ्रेडीने तिथले एक लोकगीत हंगेरियन भाषेत म्हटले. शब्द पाठ होणे शक्य नव्हते, म्हणून त्याने ते आपल्या तळहातावर लिहून घेतले होते. चित्रीकरणात तो गाता गाता हाताकडे पाहताना दिसतो. सारे मैदान त्याच्याबरोबर गाऊ लागते. मी तो भाग मोबाईलवर थांबवून थांबवून पाहिला आहे. इतका मोठा माणूस दुसऱ्याच्या बोलीतील चार ओळींसाठी शाळकरी पोरासारखा हातावर लिहून आणतो, हे पाहून मला भरून आले. आम्ही गोंडीभाषक गावात नाटक करायला जातो तेव्हा मी नांदीनंतर दोन वाक्ये गोंडीत बोलतो. ती मीही हातावर लिहून नेतो.

---

तंबोरा | रात्री १०.०५

मी वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात संगीत शिकवतो. वरील दोन्ही प्रतिसाद अतिशय मोलाचे आहेत. आवाजाच्या शास्त्रीय बाजूविषयी थोडी भर घालतो, कारण या विषयात पुष्कळ ऐकीव गोष्टी फिरत असतात.

'फ्रेडीचा आवाज चार सप्तकांचा होता' हे विधान सर्रास केले जाते. २०१६ साली युरोपातील काही ध्वनितज्ज्ञांनी त्याची ध्वनिमुद्रणे आणि मुलाखती तपासल्या, तेव्हा त्यांना चार सप्तकांचा ठोस पुरावा मिळाला नाही. पण त्यांना जे मिळाले, ते मला अधिक विलक्षण वाटते. त्याच्या बोलण्याचा स्वर सरासरी सेकंदाला सुमारे ११७ कंपनांचा, म्हणजे बऱ्यापैकी खर्जाकडे झुकलेला होता. निसर्गाने त्याला भारदस्त, मध्यम पट्टीचा गळा दिला होता, आणि त्यातून तो उंच पट्टीचे गाणे काढत होता. शिकवताना मला नेहमी पांढरी चार, पांढरी पाच अशा उंच पट्टीत ओढून गाणारी मुले भेटतात आणि मी त्यांना थांबवतो. या माणसाने आयुष्यभर आपल्या पट्टीच्या बाहेर जाऊन गायले आणि तरी स्वर फाटू दिला नाही, यामागे किती मेहनत असेल याचा मी अंदाजच करू शकतो.

दुसरी गोष्ट कंपाची. लांबवलेल्या स्वरावर पाश्चात्त्य गायक जो कंप देतात, तो सामान्यतः सेकंदाला साडेपाच ते सात वेळा होतो. फ्रेडीचा कंप सातच्या किंचित वर जात होता आणि त्याची लयही ठरावीक नव्हती. म्हणजे स्वर स्थिर असतानाही आत काहीतरी अस्वस्थपणे धडधडत असते. त्याच्या प्रेमगीतांतही एक धास्ती ऐकू येते असे मला पूर्वी वाटायचे, पण विद्यार्थ्यांना ते समजावून सांगता येत नसे. आता येते.

तिसरी गोष्ट त्या खरखरीत, गुरगुरणाऱ्या जागांची. त्या कशा निघत असतील हे समजण्यासाठी संशोधकांनी दुसऱ्या एका रॉक गायकाला त्याची नक्कल करायला सांगितले आणि सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याच्या घशाचे आतून चित्रीकरण केले. तेव्हा दिसले की अशा वेळी स्वरतंतूंबरोबरच त्यांच्या वरच्या बाजूच्या, एरवी गाण्यात भाग न घेणाऱ्या घड्याही थरथरतात. मध्य आशियातील तुवा प्रदेशात खर्ज गाणारे गायक अशाच घड्यांचा उपयोग करतात.

त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले दिसत. शाळेत त्याला त्यावरून चिडवत असत. पैसा आल्यावरही त्याने ते काढले नाहीत, कारण त्यामुळे आपल्या आवाजाची गूंज बदलेल अशी त्याला भीती होती. त्या दातांनी आवाजात खरोखर फरक पडत होता की नाही, हा वेगळा विषय आहे. चेहऱ्यापेक्षा त्याने आवाज निवडला, हे मात्र खरे आहे. माझ्या वर्गात पुढे आलेल्या दातांची एक मुलगी तोंडावर हात ठेवून गात असे. मी तिला त्याचे छायाचित्र दाखवले. तिचा हात पहिल्या दिवशी निघाला नाही, पण महिनाभरात निघाला.

---

काळी_माती | रात्री १०.४०

धागा सुंदर आहे, परंतु एक मतभेद नोंदवतो आणि तो मनापासून आहे. त्याचे मूळ नाव फारुख बुलसारा, आईवडील गुजरातमधील पारशी, जन्म आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावरचा. त्याने नाव बदलले, आडनाव बदलले आणि जाहीरपणे आपल्या भारतीय मुळाविषयी फारसे बोलणे टाळले. असे असताना 'पाचगणीत शिकला म्हणून आपला' असे म्हणून त्याला महाराष्ट्राशी जोडण्याचा जो प्रयत्न दरवर्षी होतो, तो मला पटत नाही. ज्याने स्वतः ओळख सांगितली नाही, त्याच्यावर आपण हक्क का सांगावा? शिवाय आपल्याच तालुक्यांतील किती खंजिरी भजनकऱ्यांचे आवाज एकाही फितीवर न उतरता गेले, याची खंत आपण कधी लिहितो का?

---

सातपुडा | रात्री ११.०२

काळी_माती साहेब, आपल्या दुसऱ्या मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. माझे आजोबा एकादशीच्या रात्रभर गात असत आणि त्यांच्या आवाजाची एक ओळही घरात शिल्लक नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र थोडे वेगळे सांगायचे आहे.

मी शाळेत शिक्षक आहे. सहलीसोबत पाचगणीला गेलो होतो, तेव्हा मुले टेबललँडवर घोडे पाहत होती आणि मी सेंट पीटर्स शाळेच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो होतो. आत जाण्याचे धाडस झाले नाही आणि तशी आवश्यकताही वाटली नाही. आठ वर्षांचे पोर समुद्र ओलांडून या डोंगरावर आले, आईवडील झांझिबारला, आणि हे इथे वसतिगृहात. आमच्या आश्रमशाळेत पहिल्या आठवड्यात रात्री मुसमुसणारी मुले मी पाहिली आहेत, त्यामुळे मला ते पोर डोळ्यांपुढे दिसत होते. तिथेच तो पियानो शिकला आणि तिथेच त्याने चार मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. महत्त्वाची गोष्ट अशी की त्या वृंदात मुख्य गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी पियानो वाजवायचा आणि मागून साथ द्यायचा. म्हणजे पाचगणीने त्याचा तो आवाज ऐकलाच नाही. म्हणून हक्क सांगण्याचा प्रश्नच येत नाही, हे आपले म्हणणे मी उलट बाजूने मान्य करतो.

परंतु नाव बदलणे म्हणजे मूळ नाकारणे, असे मला वाटत नाही. १९६४ च्या क्रांतीनंतर त्याच्या कुटुंबाला झांझिबार सोडून इंग्लंडला जावे लागले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सावळ्या रंगाच्या मुलाला काय काय ऐकून घ्यावे लागत असेल, याचा विचार करावा. आणि तो गेला तेव्हा त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी जरथुष्ट्री रीतीने केले. घरचे दार त्याने कधी बंद केलेले नव्हते.

---

काळी_माती | रात्री ११.१५

अंत्यविधींची गोष्ट मला माहीत नव्हती. माझा पहिला मुद्दा मी मागे घेतो. दुसरा कायम ठेवतो.

---

आरोग्यसखी | रात्री ११.४८

सर्व दादांना नमस्कार. मला संगीतातले कळत नाही. मी एका ग्रामीण रुग्णालयाच्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रात काम करते आणि फ्रेडी मर्क्युरी हे नाव मला प्रशिक्षणात प्रथम समजले. आजाराची बाजू धाग्यात केवळ एका ओळीत आली आहे, म्हणून लिहिते.

त्याला लागण झाल्याचे १९८७ च्या सुमारास निश्चित झाले. त्यानंतर तो साडेचार वर्षे जगला आणि या काळात त्याने गाणे थांबवले नाही. १९९१ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'इन्युएंडो' या संग्रहाच्या वेळी त्याला उभे राहणेही कठीण झाले होते, असे त्याचे साथीदार सांगतात. त्यातले शेवटचे गाणे मी घरी एकदा पूर्ण ऐकले. ज्यांचे वजन उतरलेले मी रोज पाहते, ज्यांची धाप मी टेबलापलीकडून ऐकते, त्यांच्यासारख्याच एका आजारी माणसाच्या छातीतून तो आवाज निघाला, यावर माझा विश्वास बसेना. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने आणखी एक गाणे ध्वनिमुद्रित करायला घेतले. शेवटचे कडवे राहिले, बरे वाटल्यावर येऊन गातो म्हणून तो गेला आणि पुन्हा आला नाही. ते कडवे ब्रायन मे यांनी गायले आणि ते गाणे १९९५ मध्ये लोकांपुढे आले.

आता माझ्या केंद्रातील एक गोष्ट सांगते. गाव आणि नाव सांगणार नाही. एका भजन मंडळात एक गडी गात होता, आवाज फार गोड. त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आल्याचे कसेतरी गावात फुटले. त्याला कोणी मंडळातून काढले नाही, कोणी शिवी दिली नाही. फक्त एवढेच झाले की त्याने गाऊन माईक खाली ठेवला की त्याच्यानंतर कोणी तो माईक तोंडाजवळ धरेना. दोन सप्ताह असे झाले आणि तो स्वतःहून यायचा थांबला. मी आणि आमच्या आशाताई त्या गावात जाऊन बसलो. गाण्याने, माईकने, एका ताटात जेवल्याने हा आजार लागत नाही, हे चार वेळा समजावून सांगितले. सारे माना डोलवत होते, पण तोडगा मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांनी काढला. पुढच्या गुरुवारी त्यांनी त्याला घरून बोलावून आणले, त्याला पहिले भजन म्हणायला लावले, आणि त्याच्या हातातून माईक घेऊन, न पुसता, दुसरे भजन स्वतः म्हटले.

मी त्या गड्याला नंतर फ्रेडीविषयी सांगितले होते. एवढा मोठा गायक, एवढा पैसा, आणि तुझाच आजार, असे म्हटले. त्याने विचार करून विचारले, ''त्याले गोया भेटल्या नाई का ताई?'' मी म्हटले, तेव्हा त्या नव्हत्याच. तीन औषधे एकत्र देऊन विषाणू दाबून ठेवण्याचा उपचार १९९६ च्या आसपास आला आणि आपल्या सरकारने तो १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. हे ऐकून तो बराच वेळ हातातल्या डबीकडे पाहत राहिला. त्याच्या गोळ्यांचा एकही दिवस त्यानंतर चुकलेला नाही. एकादशीला तो अजूनही गातो.

---

तंबोरा | रात्री १२.१०

आरोग्यसखी ताई, आपला प्रतिसाद मी उद्या परिपाठात मुलांना वाचून दाखवणार आहे, आपली परवानगी असावी. २० एप्रिल १९९२ रोजी त्याच्या स्मरणार्थ वेम्ब्लीवर जो कार्यक्रम झाला, त्याच्या उत्पन्नातून एड्सविरोधी कामासाठी 'मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट' उभा राहिला, हेही त्यात जोडतो. फिनिक्स पक्षी क्वीनच्या बोधचिन्हात अगदी वर पंख पसरून बसलेला आहे, आणि ते चिन्ह फ्रेडीनेच काढलेले होते. तो चित्रकलेचा आणि आरेखनाचा रीतसर विद्यार्थी होता.

---

आरोग्यसखी | रात्री १२.१४

अवश्य वाचून दाखवा सर.

---

झाडीबोली | रात्री १२.३०

काळी_माती दादांच्या दुसऱ्या मुद्द्यासाठी मी काहीतरी करू इच्छितो. माझ्याकडे बरे ध्वनिमुद्रण यंत्र आहे आणि होळीनंतर मी रिकामा असतो. यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, कुठेही जुने खंजिरी भजनकरी किंवा दंडार या लोकनाट्यातले गायक असतील तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवावे. मी स्वखर्चाने येईन. आणि जागल्या दादा, एक विचारायचे राहिले. 'लाइव्ह एड'ची ती हाक आपण वडिलांना कधी ऐकवली का?

---

जागल्या | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

रात्री इतके प्रतिसाद आले आणि मी उत्तर देऊ शकलो नाही, त्याबद्दल क्षमस्व. कारण झाडीबोली यांच्या प्रश्नातच आहे.

वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत. जागलीला जाणे कधीच सुटले. कानांनी कमी ऐकू येते, त्यामुळे फोन त्यांच्या उजव्या कानाला लावून धरावा लागतो. खरे सांगायचे तर त्यांना ती हाक मी आजवर ऐकवलेली नव्हती. त्यांचे वाक्य मी एवढे जपून ठेवले होते की त्यांना ते दाखवायलाच विसरलो होतो. काल साडेबारा वाजता आपला प्रश्न वाचला. ते अंथरुणावर जागेच होते, म्हाताऱ्या माणसाला झोप कमी असते. मी दिवा न लावता त्यांच्याजवळ बसलो आणि फोन कानाला लावला.

आधी ते नुसते ऐकत होते. पहिल्या हाकेला आणि लोकांच्या उत्तराला त्यांनी फक्त डोके हलवले. फ्रेडीने ती लांबलचक हाक धरली, श्वास संपेपर्यंत, तेव्हा त्यांनी माझे मनगट पकडले. आणि मैदानातल्या लोकांनी ओ देण्याच्या आधीच, धुऱ्यावरून शेजारच्या वावरातल्या माणसाला द्यावी तशी, पूर्ण छातीतून त्यांनी ओ दिली.

आतल्या खोलीतून आई उठून आली. ''एवढ्या राती कोन आवाज देऊन रायलं?'' असे म्हणत ती अंधारातच दाराची कडी काढू लागली.